पात्याचं पाणी कोणी मोजायचं?

ताईचा फोन आला तेव्हा वाटलं, गणपतीला कधी येतोस ते विचारत असेल. तिने सुरीचं गाऱ्हाणं सुरू केलं. साडेआठशे रुपयांची सुरी, ऑनलाइन घेतलेली. खोक्यावर ‘हाय कार्बन स्टेनलेस स्टील’, आत एक गुळगुळीत कार्ड आणि त्यावर ‘उत्पादनदोषांविरुद्ध लाइफटाइम वॉरंटी’. धार चौथ्या दिवशी जाते. दारावर येणाऱ्या धारवाल्याकडून दोनदा लावून घेतली, तरी पुन्हा चौथ्या दिवशी टोमॅटो चिरायच्या ऐवजी चेपला जातो. कंपनीला मेल केला, तर उत्तर आलं की धार कमी होणं ही नैसर्गिक झीज आहे, ती वॉरंटीत बसत नाही.

“अरे, तू एवढी वर्षं लोखंडच भाजत होतास ना,” ताई म्हणाली, “मग सांग मला, चार दिवसांत कसली झीज?”

भोसरीच्या एका हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये मी सव्वीस वर्षं काढली. गिअर, पिना, शाफ्ट भट्टीत घालायचे, तेलात बुडवायचे, पुन्हा मंद आचेवर टेम्पर करायचे आणि शेवटी हार्डनेस, म्हणजे कठीणपणा, तपासायचा. गावाकडचा लोहार विळ्याला ‘पाणी देतो’ म्हणतो ते हेच काम, फक्त त्याच्याकडे ताप बघायला स्वतःचे डोळे आणि आमच्याकडे थर्मोकपल. ताई पुण्याला आली तेव्हा ती सुरी घेऊन मी जुन्या सहकाऱ्याच्या लॅबमध्ये गेलो. रॉकवेल मशीनवर हिऱ्याचं टोक १५० किलोच्या भाराने पात्यावर दाबतात आणि ते किती आत गेलं त्यावरून आकडा येतो. पातं निमुळतं असतं, त्यामुळे खाली नीट टेकवून, पाठीकडच्या जाड भागात तीन ठिकाणी रीडिंग घेतलं. टोकाकडे ५५, मध्ये ५२, मुठीजवळ ४६.

ज्यांना हे आकडे परके आहेत त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: चांगल्या जर्मन पद्धतीच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्या साधारण ५४ ते ५८ मध्ये असतात, जपानी सुऱ्या ६० किंवा त्याच्याही वर. ४६ म्हणजे पातं वाकेल, मोडणार नाही, पण धार धरणार नाही. आणि एकाच पात्यात नऊ पॉइंटांचा फरक हा तर माझ्या दृष्टीने गुन्हाच. भट्टीत पाती एकावर एक गचडून ठेवली असतील आणि आतल्या बाजूला पुरता ताप पोचला नसेल, किंवा बुडवताना मुठीकडची बाजू उशिरा थंड झाली असेल. आमच्या शॉपमध्ये असा तुकडा सापडला असता तर तेवढाच बाजूला काढला नसता. सगळा लॉट अडवला असता आणि माझ्या साहेबाने माझी जी काही शोभा केली असती ती वेगळी.

मग मी कंपनीला तिन्ही रीडिंगं कळवली. उत्तर सभ्य होतं: पात्याच्या कठीणपणाबाबत आम्ही कोणताही दावा केलेला नाही.

हे वाक्य मी बऱ्याचदा वाचलं. ते खरं होतं. खोक्यावर हार्डनेसचा आकडा नव्हता, पोलादाचा ग्रेड नव्हता, धारेचा कोन नव्हता. ‘हाय कार्बन’ म्हणजे किती कार्बन, तेही नाही. विशेषणं होती, आणि विशेषणाच्या खाली कोणतीही वस्तू घसरू शकत नाही.

वॉरंटीबद्दल आपण वाद घालतो तो बहुधा मुदतीचा असतो. वर्षाची की दोन वर्षांची, बदलून देणार की दुरुस्त करून. दुकानदारांनी तर त्याची एक देशी व्याख्याच करून ठेवलीय: बदलून मिळते ती गॅरंटी, दुरुस्त होऊन मिळते ती वॉरंटी. (कायद्यात असं काही नाही, पण लक्ष्मी रोडपासून दादरपर्यंत हेच ऐकायला मिळेल.) माझं म्हणणं असं की मुदत नंतर बघू. ‘उत्पादनदोष’ म्हणजे कशापासून ढळणं, हे आधी छापलेलं नसेल तर लाइफटाइम वॉरंटी आणि कोरा कागद यांच्यात फरक उरत नाही. दोष ही तुलना आहे. तुलनेची एक बाजू कंपनीच्या कपाटात, ड्रॉइंगवर, म्हणजे वस्तू कशी व्हायला हवी ते आकड्यांत लिहिलेल्या आराखड्यावर, कुलूपबंद आहे.

आणि ती तिथे असतेच, ह्याची मला खात्री आहे. पोलाद विकत घेताना कंपनीने गिरणीचं टेस्ट सर्टिफिकेट घेतलेलं असतं. हीट ट्रीटमेंट बाहेरून करून घेत असेल तर जॉबवर्कच्या चलनावर अपेक्षित हार्डनेस लिहिलेला असतो, नाहीतर भट्टीवाला काम हातातच घेणार नाही. आम्ही गिअर पाठवायचो तेव्हा प्रत्येक लॉटबरोबर रीडिंगचा कागद जायचा. दहा हजार नग घेणाऱ्या कारखान्याला आकडा मिळतो आणि एक नग घेणाऱ्या ताईला मिळतं गुळगुळीत कार्ड.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ इथे काय म्हणतो? कलम २(१०) मध्ये दोषाची व्याख्या आहे: कायद्याने, कराराने किंवा व्यापाऱ्याने केलेल्या दाव्यानुसार जो दर्जा, जे प्रमाण राखणं आवश्यक आहे त्यात असलेली उणीव. व्याख्या चांगली आहे. पण ती वाचली की कंपनीच्या त्या सभ्य वाक्यामागची हुशारी दिसते. मोजता येण्यासारखा दावाच केला नाही, तर उणीव कशात दाखवणार? याच कायद्याच्या कलम ८४ मध्ये उत्पादकाच्या जबाबदारीत ‘उत्पादनाच्या विनिर्देशांपासून फारकत’ हा स्पष्ट शब्दांत धरलेला मुद्दा आहे. म्हणजे कायदा बनवणाऱ्यांनी ड्रॉइंगचा विचार केला होता. फक्त ते ड्रॉइंग ग्राहकाला दिसावं, याचा केला नाही. शिवाय कलम ८४ उपयोगी पडतं ते सुरीमुळे इजा झाली तर. घडीच्या चाकूचं कुलूप निसटलं आणि पातं बोटांवर मिटलं, तर ती हानी. सुरीच नुसती निकामी निघाली, तर ‘हानी’च्या व्याख्येत खुद्द वस्तूचं नुकसान धरलेलंच नाही. मग दोषाची साधी तक्रार करायची आणि वर सांगितलेल्या व्याख्येत येऊन अडकायचं.

तरीही आपण खोक्यावर काय छापायचं याचे नियम करतोच. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांमुळे ताईच्या खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता आहे, कमाल किंमत आहे आणि ‘निव्वळ प्रमाण : १ नग’ असंही आहे. खोक्यात एकच सुरी आहे हे ताईला खोक्याशिवायही कळलं असतं. जे तिला उघडूनही कळणार नाही, ते छापायची सक्ती नाही. सोन्याच्या बाबतीत आपण असं चालवून घेत नाही. ‘उत्तम सोनं’ एवढ्यावर कोणी मंगळसूत्र घेत नाही. किती कॅरट, हॉलमार्क कुठे, हे विचारल्याशिवाय आमची आई सराफाच्या दुकानात बाकावर टेकत नसे. प्रेशर कुकरला २०२० च्या आदेशाने आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, आणि ते चिन्ह नसलेले कुकर विकल्याबद्दल २०२२ मध्ये ऑनलाइन बाजारपेठांना दंडही झाले. सुरी काही कुकरसारखी फुटत नाही, मान्य. पण बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा जास्त बोटं कापते, कारण तिच्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ती सटकते. हे कोणत्याही आचाऱ्याला विचारा.

तर वॉरंटीत काय यायला हवं? पहिली गोष्ट हार्डनेस, आणि तो एका आकड्यात न देता दोन आकड्यांमध्ये: ५५ ते ५८, असा. भट्टी ही भट्टी असते, तिला थोडी मोकळीक हवी. पातं त्या पट्ट्याबाहेर गेलं, वर किंवा खाली, की दोष. पुढे चर्चा नाही. खाली गेलं तर धार मुडपते, वर गेलं किंवा टेम्परिंग राहिलं तर धारेचे टवके उडतात. ग्राहकाला दोन्ही वेळा दिसतं ते ‘धार गेली’ एवढंच, आणि कंपनीला दोन्ही वेळा म्हणता येतं ‘झीज’ किंवा ‘गैरवापर’.

पण रॉकवेलने सगळं सापडत नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर माझ्या धंद्यातले लोक हसतील. पातं कठीण करून झाल्यावर त्याला पट्ट्यावर किंवा चाकावर धार काढतात. कामगाराला नगावर पैसे असले की तो दाबून घासतो. पाणी कमी असलं की धारेची कड क्षणभर तापते आणि तेवढीच नरम पडते. कडेला निळसर-तांबूस रंग चढतो, पॉलिशमध्ये तो जातो. पाठीवर ५७ आणि धारेत जीव नाही, अशी सुरी तयार होते. धारेची कड इतकी पातळ असते की रॉकवेल तिथे लावताच येत नाही. सूक्ष्म हार्डनेस घ्यावा लागतो, आणि त्यासाठी पातं कापून नमुना करावा लागतो. गंमत म्हणजे हा दोष बरा होतो. चार-सहा वेळा धार लावली की जळलेली कड घासून जाते आणि सुरी अचानक चांगली वागायला लागते. बायका म्हणतात, ‘सुरी आता हाताला बसली’. बसली वगैरे नाही, कारखान्याची चूक तुमच्या धारवाल्याने तुमच्या पैशांनी निस्तरली.

घासण्यातलाच दुसरा दोष याहून वाईट, कारण तो वर्षांनी दिसतो. टाचेजवळ, म्हणजे मुठीलगतच्या धारेपाशी, पातं जास्त खाल्लं गेलं तर धारेची रेघ तिथे किंचित आत जाते. नवी असताना डोळ्याला कळत नाही. दोन-तीन वर्षं धार लावल्यावर तो खळगा उघडा पडतो आणि सुरी पाटावर पूर्ण टेकत नाही. कांद्याची पात चिरली की तुकडे सुटे होण्याऐवजी माळ हातात येते. आता ही सुरी तीन वर्षांची आहे, मुदत संपलेली आहे आणि दोष पहिल्या दिवसाचा आहे. म्हणून आकारातल्या दोषांना मुदतीची अट लावूच नये, असं माझं मत आहे. पातं पिळलेलं, घडीच्या चाकूचं पातं मिटताना बाजूला घासणारं, दोन थरांच्या पात्यातले थर सुटलेले: हे नीट वापराने सहसा होत नाही. दहाव्या वर्षी सापडलं तरी ते बहुधा कारखान्यातूनच आलेलं असतं.

गंजाचं प्रकरण अवघड आहे. आपल्याकडे कैरी, चिंच, कोकम, लिंबू, मीठ हे सगळं रोज पात्याला लागतं आणि सुरी सिंकमध्ये रात्रभर खरकट्यात पडते. स्टेनलेस म्हणजे डाग न पडणारं, असं आपण समजतो. खरं तर कमी डाग पडणारं. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने क्रोमियमचं हे पोलाद केलं, तेव्हाही व्हिनेगर आणि लिंबाचा मारा ते सोसतं का हाच प्रश्न होता. पण गंजाला कारखानाही जबाबदार असू शकतो. पातं चुकीच्या तापमानाला टेम्पर झालं की क्रोमियम कार्बनबरोबर बांधलं जातं आणि गंज अडवायला मोकळं राहत नाही. मग भाव स्टेनलेसचा आणि वागणं साध्या लोखंडाचं. त्यामुळे ‘गंज वॉरंटीत नाही’ ही सरसकट ओळ मला मान्य नाही. तीच सुरी त्याच घरात दुसऱ्या सुरीशेजारी नांदत असेल आणि एकटी तीच गंजत असेल, तर बोट घरातल्या बाईकडे दाखवण्याआधी भट्टीचा चार्ट बघा.

मुठीबद्दल फार लिहीत नाही. रिव्हेट ढिला होणं, पातं मुठीत हलणं हे दोषच. लाकडी मूठ पुण्याच्या मे महिन्यात आकसते आणि कोकणातल्या जुलैत फुगते, हे विकणाऱ्याला आधीपासून ठाऊक असायला हवं.

आता कंपन्यांची बाजू. ती आहे, आणि खरी आहे. आपल्या घरात सुरीने काय काय करतात ते मी पाहिलंय. सुरीच्या पाठीने नारळ फोडतात, टोकाने डब्याचं झाकण उचकटतात, गॅसवर तापवून प्लास्टिक कापतात, फ्रीजरमधला दगडासारखा मासा तिनेच तोडतात. आणि चिरायचं ते कुठे, तर ग्रॅनाइटच्या ओट्यावर. ग्रॅनाइटपुढे ५८ काय आणि ६२ काय. गैरवापराची सुरी बदलून द्या, असं मी म्हणणार नाही. त्या नुकसानीचा बोजा शेवटी नीट वापरणाऱ्यांच्या किमतीतच पडतो. माझा आक्षेप वेगळा आहे. गैरवापर झाला की नाही, हे ठरवतो कोण? आज कंपनीच ठरवते, तेही बहुधा फोनवर पाठवलेल्या फोटोवरून. टवका उडालेल्या जागेचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बरंच कळतं: पोलादाचे कण भरड झालेत का, तडा आधीच्या जुन्या भेगेतून गेलाय का. फोटोत यातलं काहीच दिसत नाही. आरोपी, पंच आणि पोलीस एकच असला की निकाल आधीच माहीत असतो.

युरोपीय संघाने यावर साधा तोडगा काढलाय. त्यांच्या २०१९ च्या निर्देशानुसार वस्तूत पहिल्या वर्षात दोष दिसला, तर तो विक्रीच्या दिवशीच होता असं धरतात. नव्हता हे विक्रेत्याने दाखवायचं. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात हेच गृहीतक सहा महिन्यांचं आहे. आपल्या कायद्यात असं गृहीतक नाही, तक्रारदारानेच सिद्ध करायचं. जिल्हा ग्राहक आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण तपासणीची फी आधी तक्रारदाराने भरायची. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, ऑनलाइन दाखलही करता येते, हे सगळं चांगलंच. पण साडेआठशेच्या सुरीसाठी प्रयोगशाळेची फी, दोन-तीन तारखा आणि सुट्टीचे दिवस? ताई म्हणाली, “तेवढ्यात मी चार सुऱ्या घेईन.” कंपनीचाही हिशोब तोच आहे. स्वस्त वस्तूच्या वॉरंटीला न्यायालयाची भीती नसते, म्हणूनच तिथे सिद्धतेचा भार उलटा फिरवायला हवा. पहिलं एक वर्ष पुरेसं आहे. उत्पादकाकडे लॉटची रीडिंगं ठेवलेली असतील तर त्याला हे जड जाणार नाही. नसतील, तर तो वॉरंटी कशाच्या भरवशावर देतोय?

किंमत वाढेल, असं कोणी म्हणेलच. थोडी वाढेल. पण रॉकवेलच्या एका रीडिंगला मिनिट लागतं आणि ते प्रत्येक नगाचं नाही, लॉटमधल्या थोड्या नगांचं घ्यायचं असतं. खोक्यावर आणखी एक ओळ छापायला शाई किती लागणार?

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: लहान कारागिराचं काय? हायवेच्या कडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाड्याने विळीवर हार्डनेस छापायचा का? मुळीच नाही. त्याने वॉरंटी कार्डही छापलेलं नाही. नियम असा असावा की जो लेखी वॉरंटी देतो, त्याने ती कशाची ते आकड्यात सांगावं. घिसाड्याचं बोलणं माझ्या ओळखीचं आहे: ‘महिन्याच्या आत धार बसली तर घेऊन या, पुन्हा पाणी देतो.’ त्यात एक मुदत आहे, एक कसोटी आहे आणि एक उपाय आहे. गावगाड्यात लोहाराला बलुत्याचं धान्य खळ्यावर मिळायचं आणि वर्षभर फाळ, विळे, कुऱ्हाडी तोच नीट करून द्यायचा. त्या व्यवस्थेत जातीचा जाच होता, लोहाराला मोल मागायची सोय नव्हती आणि मला ती परत नकोय. पण एक गोष्ट तिथे पक्की होती: पातं ज्याने केलं तो सापडायचा. शेफील्डमध्येही १६२४ साली संसदेच्या कायद्याने चाकू-सुऱ्या करणाऱ्यांची संस्था उभी राहिली ती ह्याचसाठी, की प्रत्येकाने आपलं चिन्ह पात्यावर ठोकावं आणि खराब माल कोणाचा ते कळावं. आज चिन्ह आहे, लोगो तर भलामोठा आहे. करणारा मात्र सापडत नाही. कारण बऱ्याचदा ज्याचा लोगो, त्याने पातं केलेलंच नसतं.

‘लाइफटाइम’ या शब्दाचंही एकदा बघायला हवं. आयुष्य कोणाचं, घेणाऱ्याचं, सुरीचं की त्या मॉडेलचं? स्विस घडीचे चाकू करणारी व्हिक्टोरिनॉक्स पोलाद आणि कारागिरीतल्या दोषांवर मुदतीशिवाय हमी देते, झीज आणि गैरवापर वगळून. शब्दांनी पाहिलं तर ताईच्या कार्डावरची हमीही जवळपास तीच. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने निदान वॉरंटी ‘पूर्ण’ की ‘मर्यादित’ हे ठळक लिहायला लावलं. आपल्याकडे तेवढंही नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर मोजलेल्या आकड्यासह दोन वर्षांची वॉरंटी आणि आकड्याशिवाय आजन्म वॉरंटी यात मी डोळे मिटून दोन वर्षांची घेईन.

मी कंपनीला शेवटचं पत्र पाठवलं ते एका प्रश्नाचं. तुमच्या ड्रॉइंगवर या पात्याचा हार्डनेस किती लिहिला आहे? बदली मागितली नाही, पैसेही नाहीत. त्याला आता पाच आठवडे होतील. ताईने सुरी अजून टाकलेली नाही. ती सध्या कुरिअरची खोकी फाडायला वापरते, आणि पात्यावर, मी पेनने गोल केलेल्या तीन खुणांशेजारी, तिने सेलोटेपने आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्यात: ५५, ५२, ४६. घरी आलेल्या प्रत्येकाला दाखवते.